एडटेक कॉन्फरन्सनंतर फीडबॅक कसा घ्यायचा, म्हणजे लोक भरतील आणि तुम्हाला वापरताही येईल

शेवटचं सेशन संपलेलं असतं, सूत्रसंचालक आभार मानत असतात, स्क्रीनवर क्यूआर कोड येतो आणि लोक फोन बाहेर काढेपर्यंत स्लाइड पुढे जाते कारण स्पॉन्सर्सचे लोगो दाखवायचे राहिलेले असतात. अर्धा हॉल तोवर उठलेला. मग तीनचार दिवसांनी सगळ्यांना मेल जातो, त्यात तीस प्रश्नांचा फॉर्म, आणि जी काही थोडीफार उत्तरं येतात त्यात "छान", "उत्तम आयोजन", "वाय-फाय स्लो होतं" एवढंच. त्याचा रिपोर्ट बनतो, बार चार्ट लागतात, कुठल्यातरी फोल्डरमध्ये जातो आणि पुढच्या वर्षी प्रोग्रॅम ठरवताना कोणी तो उघडत नाही.

मी बरीच वर्षं अशा कॉन्फरन्सच्या आयोजनात काम करतेय, म्हणजे जिथे शिक्षक आणि टेक्नॉलॉजीवाले दोनतीन दिवस एकत्र येतात त्या. माझं ठाम मत झालंय की हा सगळा खटाटोप वाया जातो कारण आपण काय ठरवण्यासाठी विचारतोय हेच आधी ठरलेलं नसतं. आणि दुसरं, एडटेकमध्ये खरं उत्तर हॉलमध्ये मिळतच नाही, ते शिक्षक परत जाऊन वर्गात उभा राहतो तेव्हा मिळतं. या दोन गोष्टी धरून फीडबॅक घेतला तर काम खूप सोपं होतं.

फॉर्मच्या आधी निर्णय

कॉन्फरन्सच्या दोन आठवडे आधी टीमला तासभर बसवा आणि फॉर्म उघडूच नका. कागदावर लिहा, पुढच्या वेळी आपल्याला कुठले निर्णय घ्यायचे आहेत? वर्कशॉप वाढवायची का भाषणं, एका वेळी चार सेशन्स समांतर ठेवायची का दोनच, स्टॉल मुख्य हॉलच्या आत ठेवायचे का बाहेर, ऑनलाइन बघणाऱ्यांसाठी वेगळा मॉडरेटर द्यायचा का, ज्यांनी यातलं काहीच वापरलेलं नाही अशा शिक्षकांसाठी वेगळा ट्रॅक, म्हणजे एका विषयाच्या सेशन्सची वेगळी मालिका, काढायचा का. प्रत्येक निर्णयापुढे तो घेणाऱ्या माणसाचं नाव लिहा. मग प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावा: याचं उत्तर वाईट आलं तर आपण काय बदलू? उत्तर नसेल तर प्रश्न काढून टाका. जागेचं पुढच्या दोन वर्षांचं बुकिंग झालेलं असेल तर "जागा कशी वाटली?" विचारून लोकांचा वेळ खाण्यात अर्थ नाही, त्याऐवजी "कुठल्या सेशनला पोचायला उशीर झाला आणि का?" विचारा, त्यातून निदान पाट्या आणि टाइमटेबल तरी सुधारता येतं.

या कसोटीतून माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रश्न गळतात आणि गळू द्यावेत. कोणीतरी म्हणतंच, "विचारून ठेवू, कधीतरी उपयोग होईल". नाही होत.

कोणाला विचारताय

एडटेक कॉन्फरन्सला येणारी माणसं एका जातकुळीची नसतात. वर्गात शिकवणारे शिक्षक, मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, संस्थेतलं नेटवर्क आणि कॉम्प्युटर सांभाळणारे, कोर्स डिझाइन करणारे, संशोधक, स्टॉल लावणाऱ्या कंपन्यांची माणसं, कधी विद्यार्थी. यांना एकच कॉन्फरन्स पूर्ण वेगवेगळी दिसते. एआयवरचं सेशन आयटीवाल्याला प्राथमिक वाटेल आणि त्याच रांगेत बसलेल्या शिक्षकाच्या डोक्यावरून जाईल, दोघांनी दिलेल्या मार्कांची सरासरी काढली की "ठीकठाक" असा निष्कर्ष निघतो जो दोघांपैकी एकाचाही नाही.

म्हणून पहिला प्रश्न भूमिकेचा ठेवा, "तुमचं मुख्य काम कोणतं?" आणि तिथून फाटे फोडा. गूगल फॉर्ममध्ये उत्तरानुसार वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय आहे, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्येही ब्रांचिंग आहे, त्यामुळे शिक्षकाला वर्गाबद्दलचे दोन प्रश्न आणि स्टॉलवाल्याला स्टॉलबद्दलचे दोन प्रश्न असं करता येतं. प्रत्येकाला फॉर्म छोटाच दिसतो.

यात हमखास सुटणारी माणसं म्हणजे दुपारीच निघून गेलेली, ऑनलाइन लॉगिन करून वीस मिनिटांत बाहेर पडलेली आणि रजिस्ट्रेशन करून न आलेली. शेवटच्या सेशनला हॉलमध्ये जे उरतात ते बहुतेक खूश असलेलेच असतात, नाहीतर ते उरलेच नसते. जे आले नाहीत त्यांना एकाच ओळीचा वेगळा मेल पाठवा, "यायचं ठरवलं होतं, काय अडलं?" एवढाच, फॉर्म नको, मेलला रिप्लाय केला की झालं.

तीन वेळा, थोडं थोडं

सगळं शेवटी एकदम विचारण्यात मोठी गोम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं माणूस पहिल्या काही तासांत सगळ्यात वेगाने विसरतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या दिवशीच्या सकाळच्या वर्कशॉपबद्दल विचाराल तर उत्तर मोघमच येणार. दुसरं म्हणजे शेवट कसा झाला यावर सगळी आठवण रंगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे, लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद अधिक वर ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं, म्हणजे तेव्हाही गारच. नंतर विचारलं पुन्हा करायचं झालं तर कुठलं कराल, तर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. तुमच्या समारोपाच्या भाषणात मजा आली तर सकाळी रांगेत ताटकळलेला माणूससुद्धा पाच पैकी पाच देऊन जातो, आणि शेवटी माइक बिघडला तर उलटं.

तर माझी पद्धत अशी. प्रत्येक सेशनच्या शेवटी दोनच प्रश्न, तिथेच बसल्या जागी. पूर्ण कॉन्फरन्सबद्दल सात-आठ प्रश्न, शेवटच्या दिवशी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि सहा ते आठ आठवड्यांनी तीन प्रश्न, वर्गात काय झालं याचे.

हा तिसरा टप्पा बहुतेक जण करतच नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंगचं मूल्यमापन करायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, परत गेल्यावर कामात काय बदललं आणि त्याचा परिणाम काय झाला. आपला नेहमीचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. खुर्च्या, चहा, वक्ता, हॉल. शिक्षकाला डेमो आवडला म्हणजे तो टूल वापरणार असं अजिबात नाही, मध्ये त्याच्या संस्थेचं नेटवर्क आहे, पोरांच्या हातात फोन आहे का नाही हे आहे, वरिष्ठांची परवानगी आहे, तासिका चाळीस मिनिटांची आहे.

प्रश्न कसे लिहायचे

इथे जरा वेळ घालवा कारण वाईट प्रश्नाचं चांगलं उत्तर येऊच शकत नाही.

"वक्ते आणि विषय कसे वाटले?" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. विषय आवडला आणि वक्ता कंटाळवाणा होता तर माणूस काय टिकमार्क करणार? "आणि" दिसला की प्रश्न तोडा. "आमचा नवा एआय ट्रॅक किती उपयुक्त वाटला?" यात उपयुक्त होता हे तुम्हीच ठरवून टाकलंत. "एआय ट्रॅकमधलं काही तुमच्या कामात बसेल असं वाटतं का?" हे बरं, आणि त्याला पर्याय "हो, पुढच्या महिन्यातच", "हो, पण अजून तयारी लागेल", "नाही", "मी त्या ट्रॅकला गेलोच नाही/गेलेच नाही". तो शेवटचा पर्याय विसरू नका, नाहीतर न गेलेले लोक मधलाच कुठलातरी पर्याय दाबून पुढे जातात आणि तुमचा आकडा बिघडतो.

पाच पायऱ्यांची "पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत" पट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि ती चांगलीच आहे, पण माणसाची एक सवय असते, समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणायची. "सेशन माझ्यासाठी उपयोगी होतं, सहमत का?" विचारलं की भिडेखातर होच येतं. त्याऐवजी पर्यायांमध्येच गोष्ट लिहा: "सेशनची पातळी माझ्यासाठी फार सोपी / बरोबर / फार अवघड". हे उत्तर आलं की लगेच समजतं काय करायचं, तर ५ पैकी ३.८ वरून काही समजत नाही.

एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर, याबद्दल पण सांगते कारण कोणीतरी मॅनेजमेंटमधून ते मागतंच. "ही कॉन्फरन्स तुम्ही सहकाऱ्याला सुचवाल का, ० ते १०" असा प्रश्न, ९-१० देणारे एका बाजूला, ० ते ६ देणारे दुसऱ्या बाजूला, ७-८ सोडून द्यायचे, आणि टक्केवारीची वजाबाकी. फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये हे कंपन्यांच्या ग्राहकांसाठी मांडलं. आपल्याकडे दोन अडचणी येतात. एक तर पुष्कळ शिक्षक स्वतःहून येत नाहीत, संस्था पाठवते, त्यांच्यासाठी "सुचवाल का" हा प्रश्नच लंगडा आहे. दुसरं म्हणजे आकडा लहान असतो. समजा ४० जणांनी भरलं, १८ जणांनी ९-१० दिले आणि १० जणांनी ६ किंवा कमी, तर स्कोअर ४५ वजा २५ म्हणजे २०. आता फक्त तिघांनी ९ ऐवजी ८ दिला असता तर तोच स्कोअर साडेबारा. तीन माणसांच्या एकेका मार्काने एवढा फरक पडत असेल तर त्यावरून "गेल्या वर्षीपेक्षा घसरलो" म्हणून टीमला फैलावर घेणं बरोबर नाही. मागितलाच तर द्या, पण त्याच्या खालीच "का?" असा मोकळा रकाना ठेवा, खरा माल त्या रकान्यात असतो.

मोकळे प्रश्न फार नकोत, दोन किंवा तीन. आणि "काही सूचना?" असा तर अजिबात नको, त्याला "नाही" हेच उत्तर येतं. प्रसंग विचारा. "या तीन दिवसांत असा कुठला क्षण होता जेव्हा तुम्हाला वाटलं, हे मला उद्याच करून बघायचंय?" आणि "असा कुठला क्षण होता जेव्हा तुम्ही लक्ष काढून घेतलंत किंवा उठून गेलात?" दुसऱ्या प्रश्नाला लोक एवढं प्रामाणिक लिहितात की वाचताना थोडं टोचतं पण सुधारणा तिथूनच होते.

सेशनच्या शेवटी जे दोन प्रश्न विचारायचे म्हटलं ते माझे ठरलेले आहेत: "यातलं तुम्ही काय वापराल?" आणि "वापरताना काय अडेल?" बास. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शिक्षिकेने लिहिलेलं मला अजून आठवतं, "टूल छान आहे, माझ्या वर्गात एक कॉम्प्युटर आणि पन्नास मुलं." एका ओळीत आम्हाला पुढच्या वर्षीचं वर्कशॉप मिळालं, एका स्क्रीनवर पूर्ण वर्गाला कसं सहभागी करायचं.

फॉर्म बनवताना

एकदा आमच्या टीमने फॉर्मला "एकाने एकदाच भरायचं" ही सेटिंग चालू ठेवली होती. मी दारापाशी उभी होते, एक सर खांद्याला बॅग, एका हातात प्रमाणपत्राचं पाकीट, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म उघडला तर समोर लॉगिनचं पान. गूगल फॉर्ममध्ये ती सेटिंग चालू केली की साइन-इन करावंच लागतं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी एकदा पासवर्ड टाकला, चुकला, पुन्हा टाकला, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि म्हणाले "घरी जाऊन भरतो मॅडम". ते भरणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या दिवशी असे किती गेले असतील कोण जाणे. एखाद्याने दोनदा भरलं तर फार बिघडत नाही, शंभर जण लॉगिनपाशी अडले तर सगळंच बिघडतं, त्यामुळे ती सेटिंग बंद ठेवा.

फॉर्म फोनवर, एका अंगठ्याने भरता आला पाहिजे. ग्रिडवाले प्रश्न, म्हणजे डावीकडे दहा सेशन्सची नावं आणि वर १ ते ५, लॅपटॉपवर छान दिसतात आणि फोनवर आडवं सरकवत बसावं लागतं, ते टाळा. प्रत्येक प्रश्नाला सक्तीचा लाल तारा लावू नका, भूमिकेचा प्रश्न सक्तीचा ठेवा, बाकी माणसाला सोडून पुढे जाता आलं पाहिजे. प्रत्येक सेशनसाठी वेगळा फॉर्म बनवायची गरज नाही, गूगल फॉर्ममध्ये आधीच भरलेल्या उत्तरासकट लिंक काढता येते, मग एकाच फॉर्मच्या दहा लिंक, प्रत्येकीत सेशनचं नाव भरलेलं, त्यांचे दहा क्यूआर कोड, आणि सगळी उत्तरं एकाच शीटमध्ये.

नुसते हसरे-रडके चेहरे किंवा नुसता लाल-हिरवा रंग असे पर्याय ठेवू नका, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला आणि रंग नीट न ओळखता येणाऱ्याला ते कळत नाहीत, सोबत शब्द लिहा. येणाऱ्यांपैकी बरेच जण ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत फॉर्म द्या, दोन भाषा असतील तर दोन. आणि कागदाचे थोडे फॉर्म आणि एक पेटी दारापाशी असू द्या, टेक्नॉलॉजीची कॉन्फरन्स आहे म्हणून कागद नको असं काही नाही, फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचीच संपते.

पाठवायच्या आधी टीमबाहेरच्या तीन माणसांना समोर बसवून भरायला लावा आणि तुम्ही काही बोलू नका. ते कुठे थांबतात, कुठे वर जाऊन पुन्हा वाचतात ते बघा. त्या जागचा प्रश्न बदला.

भरायला वेळ द्या, मग मागे लागा

सगळ्यात जास्त उत्तरं मिळवून देणारी एक गोष्ट सांगायची तर ती म्हणजे सेशनच्या वेळातली तीन मिनिटं. वक्त्याला आधीच सांगा की तुमचं पंचेचाळीस मिनिटांचं सेशन बेचाळीस मिनिटांचं आहे, आणि प्रश्नोत्तरांच्या आधी, लोक अजून खुर्चीत असताना, क्यूआर कोड लावून ठेवा. नंतर नाही, आधी. तोच कोड छापून बॅजच्या मागच्या बाजूलाही चिकटवा म्हणजे स्लाइड गेली तरी बिघडत नाही.

नंतर जो मेल जाईल तो "नो-रिप्लाय" पत्त्यावरून नको, ज्याला लोकांनी तिथे बघितलं अशा माणसाच्या नावाने जाऊ द्या. चारपाच ओळी: आभार, लिंक, किती वेळ लागेल (आणि खरा वेळ लिहा, दोन मिनिटं म्हणून दहा मिनिटांचा फॉर्म दिलात तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही), कधीपर्यंत, आणि मागच्या वर्षी लोकांच्या सांगण्यावरून काय बदललं ती एक ओळ. ही ओळ फार काम करते. तीन-चार दिवसांनी एक आठवण, मग बंद व्हायच्या आदल्या दिवशी शेवटची. त्याहून जास्त नको.

प्रमाणपत्र फीडबॅकला बांधावं का, हा वाद प्रत्येक टीममध्ये होतो. फॉर्म भरला तरच सर्टिफिकेट असं केलं की आकडा भरभरून येतो हे खरं, पण उघडून बघा, वरपासून खालपर्यंत ५, ५, ५, ५ आणि मोकळ्या रकान्यात एक टिंब. माणूस तिथे काम उरकत असतो. मी तरी प्रमाणपत्र हजेरीला बांधते आणि फीडबॅक मोकळा ठेवते, कमी येतो पण वाचण्यासारखा येतो. बक्षिसाची सोडत ठेवायची असेल तर नाव-नंबर घेणारा फॉर्म वेगळा ठेवा, म्हणजे उत्तरांवर नाव चिकटणार नाही.

नावाचा विषय निघालाच आहे तर, ईमेल गोळा होत असेल तर "हा फॉर्म निनावी आहे" असं लिहू नका. आणि ईमेल नसला तरी भूमिका, संस्थेचा प्रकार, शहर असं सगळं विचारलंत तर एकटा माणूस सहज ओळखू येतो, त्यामुळे लागेल तेवढंच विचारा. उत्तरं कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे दोन ओळीत वर लिहा. युरोपियन युनियनमधले लोक येत असतील तर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे त्यांचा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, तुमच्यापर्यंतही पोचू शकतो, त्याचं आधी बघून घ्या. आणि फीडबॅकची शीट स्पॉन्सर कंपन्यांना द्यायची नाही, कितीही मागितली तरी. शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलं आणि आठवड्याने त्याला सेल्सचा फोन आला तर तो तुमच्यासाठी पुन्हा कधी काही लिहिणार नाही.

जे बोलत नाहीत त्यांचं काय

१९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पाठवलेल्यांची यादीच खात्यापित्या लोकांकडे झुकलेली होती आणि ज्यांनी परत पाठवल्या त्यांचं मत न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळं होतं. एवढा ढीग असूनही अंदाज चुकला, तर आपले दीडदोनशे फॉर्म कुठल्या झाडाची पत्ती.

करायचं काय, तर रजिस्ट्रेशनची यादी आणि आलेले फॉर्म शेजारी ठेवा. रजिस्ट्रेशनमध्ये निम्मे शिक्षक असतील आणि फॉर्ममध्ये पाव असतील तर शिक्षकांचा आवाज कमी आलाय. मग त्या गटातल्या आठ-दहा जणांना फोन करा, पाच-सात मिनिटं, "तुम्ही काय कामासाठी आला होतात आणि ते झालं का?" एवढ्यावर ऐका. फोनवर लोक जे सांगतात ते फॉर्ममध्ये कधीच लिहीत नाहीत.

आणि फॉर्मच्या बाहेरही कान उघडे ठेवा. हेल्प डेस्कवरच्या स्वयंसेवकांना एक वही द्या, कोणी काय विचारलं ते लिहायला. "रूम क्रमांक ३ कुठे?" हे वीस वेळा आलं तर त्याला सर्व्हे लागत नाही. स्लायडो किंवा मेंटीमीटरवर (श्रोत्यांना फोनवरून प्रश्न विचारता येतात अशी ऑनलाइन टूल्स) आलेले प्रश्न सेव्ह करा, लोकांना काय कळलं नाही त्याची ती आयती यादी असते. सेशनच्या मध्यावर डोकी मोजा, सुरुवातीला ऐंशी आणि मध्यावर तीस असतील तर तो फीडबॅकच आहे. वक्त्यांना आणि स्टॉलवाल्यांना वेगळं विचारा, हे राहूनच जातं.

वाचायचं कसं

चार्ट काढायच्या आधी मोकळी उत्तरं सगळी वाचा, दोघांनी वेगवेगळी, आणि मग बसून गठ्ठे करा. एक उदाहरण देते. "वेळ कमी पडला" हे वाक्य आमच्याकडे पुष्कळ यायचं आणि आम्ही ते सरळ "सेशन्स लांब करा" या गठ्ठ्यात टाकायचो. एकदा नीट बसून आजूबाजूचं वाक्य वाचलं तर तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. काहींना हाताने करून बघायला वेळ मिळाला नव्हता, काहींना दोन सेशन्सच्या मध्ये एका इमारतीतून दुसरीत जायला वेळ पुरला नव्हता, आणि काहींना एकमेकांशी बोलायला वेळ नव्हता. सेशन लांब केलं असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या गटाचं आणखीच वाईट झालं असतं.

आकड्यांमध्ये सरासरीवर विसंबू नका. दहा जणांपैकी पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १ दिला तरी सरासरी ३, आणि दहाही जणांनी ३ दिला तरी ३. पहिलं सेशन पुढच्या वर्षी योग्य लोकांसाठी पुन्हा ठेवावं असं आहे, दुसरं बहुधा नाही. म्हणून किती जणांनी काय दिलं ते मांडा, भूमिकेप्रमाणे वेगळं करा, आणि सहा उत्तरं आलेल्या सेशनची साठ उत्तरं आलेल्या सेशनशी तुलना करू नका.

मोकळी उत्तरं खूप असतील तर एआय टूलकडून गठ्ठे करून घ्यायला माझी हरकत नाही, पण आधी नावं, फोन नंबर, संस्थांचे उल्लेख काढून टाका आणि नंतर प्रत्येक गठ्ठ्यातली चारपाच मूळ वाक्यं स्वतः तपासा. एकट्याच माणसाने लिहिलेली पण महत्त्वाची गोष्ट, समजा व्हीलचेअरवरून स्टेजपर्यंत जाता आलं नाही, ती अशा सारांशात बुडून जाते. ती एकच असली तरी यादीत सगळ्यात वर गेली पाहिजे.

वक्त्यांना त्यांचा त्यांचा फीडबॅक द्या, सगळ्यांची क्रमवारी करून नको. कपड्यांवर, उच्चारांवर, दिसण्यावर कोणी काही लिहिलं असेल ते पुढे पाठवू नका, कामाचं असेल ते कितीही कडक असलं तरी पाठवा.

परत सांगा, आणि मग पुन्हा विचारा

दोनतीन आठवड्यांच्या आत सगळ्यांना, म्हणजे न भरणाऱ्यांनाही, एक छोटा मेल: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काय बदलतोय, काय बदलत नाही आणि का. "का" जरूर लिहा. समांतर सेशन्स कमी करा असं बऱ्याच जणांनी म्हटलं आणि ते शक्य नसेल तर तसं सांगा, रेकॉर्डिंग देणार असाल तर ते सांगा.

मग सहा-आठ आठवड्यांनी तिसरा टप्पा. प्रश्न तीनच. कॉन्फरन्समधलं काही वापरून बघितलंत का? बघितलं असेल तर वर्गात काय झालं? नसेल तर कशात अडलं? वेळ बघून पाठवा, परीक्षेच्या दिवसात शिक्षकांना हे पाठवू नका. उत्तरं कमी येतील, येऊ द्या. एकदा एका शिक्षकाने लिहिलं होतं की क्विझचं टूल नेट नसल्यामुळे चाललं नाही, पण त्या वर्कशॉपमध्ये चुकीच्या उत्तरांवर चर्चा करायची जी पद्धत दाखवली होती ती त्यांनी फळा आणि खडू घेऊन केली आणि आता रोज करतात. आमच्या फॉर्ममध्ये त्या वर्कशॉपला "टूल उपयोगी नाही" म्हणून कमी मार्क होते आणि आम्ही ते काढून टाकायच्या बेतात होतो.

ही उत्तरं, फोनवरच्या नोंदी आणि हेल्प डेस्कची वही एकाच फाइलमध्ये ठेवा, प्रश्नांची शब्दरचनाही त्यातच ठेवा, कारण पुढच्या वर्षी तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले तरच तुलना करता येईल. आणि पुढच्या कॉन्फरन्सच्या पहिल्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिला विषय ही फाइल ठेवा, थीम आणि पाहुण्यांची नावं त्यानंतर.